पगाराचा आकडा मुलींनाही सांगा



आपल्या मुली गणितात, विज्ञानात कुठेही मागे नाहीत. मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला की आपण पेढे वाटतो, याच पानांवर अभिनंदन छापतो. पण नोकरी लागल्यावर तिचा पगार किती ठरला आणि कसा ठरला, हे विचारणे आपल्याला बरे वाटत नाही. माझ्या मते नेमकी इथेच मुलगी एकटी पडते.

समान कामाला समान पगार हा कायदा अमेरिकेत 1963 साली झाला. तरीही 2023 साली पूर्णवेळ काम करणाऱ्या पुरुषाच्या एका डॉलरमागे स्त्रीची कमाई साधारण 83 सेंट होती. यातला काही फरक कामाच्या प्रकारामुळे, तासांमुळे आणि मुलांसाठी घेतलेल्या खंडामुळे पडतो, हे मान्य. पण सगळा नाही.

"शास्त्रज्ञ मंडळी गुणवत्ताच पाहतात," असे कोणी म्हणेल. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2012 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रयोगशाळेच्या व्यवस्थापकपदासाठी एकच अर्ज त्यांनी विज्ञानाच्या 127 प्राध्यापकांना दाखवला. काहींच्या प्रतीवर नाव होते जॉन, काहींच्या प्रतीवर जेनिफर. बाकी मजकूर तोच. जॉनसाठी सरासरी 30,238 डॉलर पगार सुचवला गेला, जेनिफरसाठी 26,508. आणि असा फरक करण्यात स्त्री प्राध्यापकही मागे नव्हत्या!

सुरुवातीचा फरक पुढे आपोआप मिटत नाही, कारण पगारवाढ टक्क्यांत मिळते. समजा, एकाने 80,000 वर सुरुवात केली आणि एकीने 74,000 वर. दोघांनाही दरवर्षी 4 टक्के वाढ मिळाली, तरी दहा वर्षांत तिच्या हातात एकूण 72,000 डॉलर कमी पडतात. निवृत्तीच्या खात्यात जाणारे पैसेही त्याच प्रमाणात घटतात.

आपल्या घरांत यात आणखी भर पडते. नवऱ्याची बदली झाली की बायको नोकरी सोडते. एच-4 व्हिसावर आलेल्या कितीतरी इंजिनिअर बायका वर्षानुवर्षे घरी बसल्या. त्यांच्यापैकी काहींना कामाची परवानगी मिळू लागली ती मे 2015 पासून. एवढ्या खंडानंतर मिळेल त्या पगारावर "हो" म्हणण्याचा मोह होतो. "आधी पाय तर टेकू दे," असा सल्ला आपणच देतो.

यावर उपाय काय? बोलणे. एमआयटीमध्ये जीवशास्त्रज्ञ नॅन्सी हॉपकिन्स यांनी प्रयोगशाळांची जागा टेप घेऊन मोजली आणि इतर प्राध्यापिकांशी बोलल्या, तेव्हा आपल्या एकटीचे वाटणारे गाऱ्हाणे सगळ्यांचेच निघाले. 1999 च्या अहवालात पगार आणि जागा यांतला भेदभाव खुद्द संस्थेने मान्य केला.

आज कायदाही बराच आपल्या बाजूने आहे. न्यू जर्सीत 2020 पासून मालकाला उमेदवाराचा आधीचा पगार विचारता येत नाही. म्हणजे पुण्यातल्या जुन्या पगारावरून इथला पगार ठरवू द्यायचे कारण नाही. 1 जून 2025 पासून दहा किंवा अधिक माणसे असलेल्या मालकाला नोकरीच्या जाहिरातीतच पगार किंवा पगाराची मर्यादा द्यावी लागते. खासगी कंपनीत व्यवस्थापक नसलेल्या बहुतेक नोकरदारांना आपसांत पगाराविषयी बोलण्याचा हक्क तर 1935 च्या कायद्यापासून आहे.

म्हणून माझी विनंती मुख्यतः पुरुष सभासदांना आहे. पॉटलकमध्ये तुम्ही आपसांत घरांच्या किमती, शेअर, बोनस सगळे बोलता. मुलीने किंवा भाचीने विचारले, तर तिलाही खरा आकडा सांगा: सुरुवात कितीवर केली, वाढ कशी मागितली, "नाही" म्हटल्यावर काय केले. तुमच्यापैकी जे व्यवस्थापक आहेत, त्यांनी आपल्या हाताखालच्या माणसांचे पगार एकदा शेजारी शेजारी मांडून पाहावेत.

आणि आईवडिलांनो, "देतील तेवढे घे, वाद नको" हे वाक्य मुलीच्या पहिल्या नोकरीच्या वेळी तरी गिळून टाका. मुलाला आपण असे सांगत नाही.

– एक सभासद