अख्ख्या अंगाचे फोटो कशाला?

शेजारच्या वहिनींच्या पाच महिन्यांच्या नातवाची मांडी सुजली, म्हणून मी त्यांच्यासोबत दवाखान्यात गेले होते. त्याला आता बरीच वर्षं झाली. पाळण्यातून पडला, असं घरच्यांनी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "नुसत्या पायाचा नको, सगळ्या अंगाचे एक्स-रे काढू." वहिनी चिडल्या, "पाय सुजलाय, अन् अख्ख्या अंगाचे फोटो कशाला?" सूनबाई खाली मान घालून उभी. आणि मीच पुढे होऊन म्हटलं, "चला हो, दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ." दुसऱ्यानं काही न विचारता प्लास्टर घातलं.

पहिले डॉक्टर पैसे काढायला बघतायत, असंच मला वाटलं होतं. ते काय शोधत होते, हे पुढे वाचनात आलं तेव्हा कळलं.

१९४६ साली जॉन कॅफी या अमेरिकन डॉक्टरांनी सहा तान्ह्या मुलांबद्दल लिहिलं. डोक्यात रक्त साकळलेलं आणि एक्स-रेत हातापायांची हाडं मोडलेली! मोडण्यासारखं काय घडलं, ते मात्र घरचे सांगत नव्हते. डॉक्टरांनी हे मारहाणीचं लक्षण म्हणून स्पष्ट मांडायला १९६२ साल उजाडलं. हेन्री केम्प आणि सहकाऱ्यांच्या त्या लेखानंतर काही वर्षांतच तिथल्या सगळ्या राज्यांत डॉक्टरांनी असा संशय कळवण्याचे कायदे झाले.

जे मूल अजून रांगतही नाही, त्याची मांडी आपोआप कशी मोडेल? तान्ह्याच्या बरगड्या लवचीक असतात. पाठीकडच्या बाजूला त्या मोडल्या असतील, तर कुणीतरी छाती करकचून आवळल्याची शंका येते. एक हाड ताजं मोडलेलं आणि दुसरं जुळत आलेलं दिसलं, तर एकाच पडण्याची गोष्ट टिकत नाही. ताजी बारीक चीर कधी दिसतच नाही. दोनेक आठवड्यांनी नवं हाड धरू लागलं की दिसते, म्हणून पुन्हा फोटो काढतात. डोक्यातला रक्तस्राव सीटी स्कॅनमध्ये सापडतो.

अर्थात मोडलेलं हाड म्हणजे मारच, असंही नाही हं. मुडदूस असतो, जन्मजात ठिसूळ हाडांचा आजारही असतो. उगाच एखाद्या आईवर ठपका यायला नको, म्हणून तर पूर्ण तपासणी हवी.

जानेवारी २०१२ मध्ये दिल्लीच्या 'एम्स'मध्ये दोन वर्षांची एक मुलगी आणली गेली. डोक्याला गंभीर इजा, हात मोडलेले, अंगावर माणसाच्या चाव्याचे व्रण. मार्चमध्ये ती गेली. एवढं झालं की आपल्याला दिसतं. अंगावर वळ नसेल तर?

आपल्याकडे बाल न्याय कायद्याच्या (२०१५) पंचाहत्तराव्या कलमात, मूल ज्याच्या ताब्यात आहे त्यानंच छळ केला तर तीन वर्षांपर्यंत कैद आहे. शेजारणीलाही १०९८ वर फोन करता येतो, पैसे पडत नाहीत. पण सुरुवात दवाखान्यातल्या त्या नकोशा प्रश्नापासून होते, आणि तिथूनच आपण मूल उचलून बाहेर पडतो.

वहिनींनी पुढच्याच वर्षी घर बदललं. त्या बाळाच्या बरगड्यांचा फोटो काही निघाला नाही.