शिक्षा संपते, शिक्का संपत नाही

नवी मुंबईसाठी शिरवणे गावची शेतजमीन गेली. पोटासाठी उरली ती नोकरी. नोकरीच्या दाराशी मात्र पोलिसांची चारित्र्य पडताळणी उभी असते. शिक्षा पुरी भोगलेल्या प्रौढाने आपली जुनी नोंद पुसण्यासाठी कोणत्या न्यायालयात अर्ज करावा? कोणत्याही नाही, तसा सर्वसाधारण कायदाच या देशात नाही. अल्पवयीनाची नोंद नष्ट करण्याची तरतूद २०१५च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम २४मध्ये आहे. १९५८चा परिवीक्षा अधिनियम परिवीक्षेवर सुटलेल्याची अपात्रता दूर करतो, नोंद नव्हे. ब्रिटनने मात्र १९७४मध्येच जुन्या शिक्षा कालांतराने निष्प्रभ ठरवणारा कायदा केला.

निकालापूर्वी खटला मागे घेण्याची वाट सरकारी वकिलाला खुली आहे. पण ती वशिल्याची कृपा ठरते, दुबळ्याचा हक्क नव्हे. गंभीर गुन्हे वगळावेत, हे मान्य. परंतु किरकोळ गुन्ह्यासाठी जन्मभराची बेकारी हा कोणता न्याय? फौजदारी कायदा समवर्ती सूचीतील विषय आहे. तेव्हा महाराष्ट्राच्या विधिमंडळाने दिल्लीकडे बोट दाखवू नये. ठराविक वर्षे निष्कलंक राहिलेल्याला स्थानिक न्यायालयात विनाशुल्क अर्ज करता यावा, ही मागणी कार्यकर्त्यांनी गावोगाव नेली पाहिजे.