नाकाताचे शब्द, नाकाताच्याच हातून

तुरिनमध्ये ६ मे २००१ रोजी रोमा संघ युव्हेंटसविरुद्ध दोन गोलांनी मागे होता. प्रशिक्षक फाबियो कापेल्लो यांनी तोत्तीला, म्हणजे रोमाच्या जीव की प्राण असलेल्या कर्णधाराला, बाहेर बोलावलं आणि जपानी फुटबॉलपटू हिदेतोशी नाकाताला उतरवलं. त्यानं बऱ्याच लांबून चेंडू जाळ्यात धाडला. अखेरच्या क्षणांत पुन्हा त्याचाच फटका गोलरक्षकानं कसाबसा थोपवला, आणि सुटलेल्या चेंडूवर त्याचा सहकारी मोन्तेल्लानं बरोबरी साधली. त्या मोसमात रोमा १८ वर्षांनी इटलीचा विजेता ठरला, युव्हेंटसपेक्षा फक्त दोन गुण जास्त मिळवून.

त्या सामन्याची चित्रफीत इंटरनेटवर अजून पाहिली जाते. पण निवृत्त होऊन इतकी वर्षं लोटली तरी नाकाताबद्दल लोकांना आस्था वाटते, ती नुसत्या या गोलामुळे नव्हे, असं मला ठामपणे वाटतं.

१९९८च्या सुरुवातीला जपानी राष्ट्रगीताबद्दलचे त्याचे उद्गार एका दैनिकात छापून आले. त्यावरून उजव्या गटांनी त्याला धमकावलं. तेव्हा तो जेमतेम एकवीस वर्षांचा होता. त्यानंतर तो वार्ताहरांशी मोजकंच बोलू लागला आणि त्याच वर्षी त्यानं स्वतःचं संकेतस्थळ काढलं. मोडेम किरकिरत जोडला जायचा, एकेक पान उघडायला वेळ लागायचा, तो हा काळ. इटलीत पेरुजाकडून खेळणारा हा मुलगा तिथून थेट चाहत्यांना लिहायचा. मुलाखत नाही, मथळा नाही, मधला माणूस नाही. वर्तमानपत्रात लिहिणारी म्हणून मला हे आजही टोचतं, कारण त्याला आमच्यावाचून बोलावंसं वाटलं याला आमचाच धंदा जबाबदार होता.

२२ जून २००६ला डॉर्टमुंडमध्ये ब्राझीलनं जपानला ४-१ हरवून विश्वचषकातून बाहेर काढलं. सामना संपल्यावर नाकाता मैदानाच्या मध्यभागी बराच वेळ उताणा पडून होता. ३ जुलैला त्यानं निवृत्ती जाहीर केली, तीही आपल्या संकेतस्थळावर, सविस्तर लिहून. वय २९. आपल्याकडे धोनीनं १५ ऑगस्ट २०२०ला इन्स्टाग्रामवरून निरोप घेतला तेव्हा ती रीत सगळ्यांच्या अंगवळणी पडली होती. नाकातानं लिहिलं तेव्हा इन्स्टाग्राम जन्मालाही यायचं होतं. बातमी आधी त्याच्या वाचकांना कळली, मग वाहिन्यांना. ज्यांच्यासाठी तो इतकी वर्षं लिहीत आला, त्यांचा तो हक्कच होता.

पुढे त्यानं प्रशिक्षकाची खुर्ची धरली नाही. आधी तो जगभर हिंडला, मग जपानच्या ४७ही प्रांतांत फिरला. कुंभार, विणकर, शेतकरी आणि साके हे जपानी मद्य बनवणारी जुनी घराणी यांच्या दारात जाऊन बसला. पुढे साकेच्या प्रसारासाठी कंपनी काढली आणि बाटलीवरची चिठ्ठी वाचून त्या साकेची माहिती देणारं ॲपही आणलं. मला यात त्याचा मूळ स्वभावच दिसतो. लहानशा गावातल्या साकेवाल्याचं म्हणणंही मधल्या कुणाच्या हातून न जाता पिणाऱ्यापर्यंत पोहोचावं, यासाठी तो आता राबतो आहे. त्या गोलाच्या शोधात आलेले कितीतरी तरुण या कामापाशी थबकत असतील, अशी मला आशा आहे.