महामारीचे साहाय्य आणि शेतकऱ्याचा हक्क

साथ ओसरली की त्या काळी उपस्थित झालेल्या प्रश्नांची आठवणही ओसरते, हा मनुष्यस्वभावच आहे. परंतु तहान लागल्यावर विहीर खणावयास निघणे हे शेतकऱ्यास शोभत नाही. म्हणून सन 2020 मधील कोविडच्या महामारीत जो प्रश्न निघाला आणि अर्धवटच सुटला, तो आज स्वस्थतेच्या काळी आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. प्रश्न असा : सरकार जेव्हा आपल्या हुकमाने सर्व देशाचे व्यवहार थांबविते, आणि त्यामुळे ज्यांची मिळकत बुडाली त्यांस तातडीचे साहाय्य देते, तेव्हा कोणाची चाकरी न करता स्वतःच्या जोखमीवर शेती करणारा मनुष्य त्या साहाय्यास पात्र आहे किंवा नाही?

कित्येक सुशिक्षित गृहस्थांचे म्हणणे असे पडते की, शेतकऱ्याचा धंदा त्या वेळी बंद नव्हताच, मग साहाय्य कशाचे? यात सत्याचा अंश आहे, हे आम्ही मान्य करतो. 25 मार्च 2020 पासून देशभर टाळेबंदी लागू झाली, आणि दोनच दिवसांनी, 27 मार्च रोजी, मध्यवर्ती सरकारने शेतीची कामे, कापणीयंत्रांची ने-आण व बाजार समित्यांचे व्यवहार यांस मोकळीक दिली. कागदावर पाहता शेतकऱ्याचे हात कोणी बांधले नव्हते. परंतु शेतातील माल विकून पैसा पदरात पडेल तेव्हाच त्यास उत्पन्न म्हणावयाचे. नाशिककडे द्राक्षांचा हंगाम तेव्हा अखेरच्या टप्प्यात होता. व्यापारी व वाहने मिळेनाशी झाली, आणि पुष्कळ बागायतदारांनी खाण्याची द्राक्षे बेदाण्याकडे वळविली. कोकणात हापूसची तोडणी ऐन भरात असताना वाशीचा घाऊक बाजार मे महिन्यात काही दिवस बंद ठेवावा लागला. हॉटेले व मिठाईची दुकाने बंद पडताच दुधाचा उठाव घटला. पण म्हणून गाईस दोन महिने आटून राहा असे सांगता येत नाही. गिरणीचे चाक थांबले म्हणजे तिला लागणाऱ्या कापसाचा खर्चही थांबतो. बागेचे पाणी आणि जनावराची वैरण थांबविता येत नाही. काम चालू होते म्हणूनच तोटा मोठा झाला. खर्च पुरा आणि आवक तुटपुंजी, अशी ती अवस्था होती.

परदेशांत हाच प्रश्न कसा हाताळला गेला, हे पाहणे उद्बोधक आहे. कॅनडात त्या वर्षी दर चार आठवड्यांस 2000 डॉलरांचे साहाय्य सुरू झाले. स्वतःचा धंदा करणारासही ते खुले होते. मात्र 2019 साली किंवा अर्जापूर्वीच्या बारा महिन्यांत किमान 5000 डॉलरांची मिळकत असावी आणि महामारीमुळे काम थांबलेले असावे, अशी अट होती. पुढे एप्रिलमध्ये ती सैल करून महिन्यास 1000 डॉलरांपर्यंत कमाई चालेल असे ठरले. ही अट केशकर्तनालयाच्या मालकास बरोबर लागू पडते. पण ज्याचे दूध रोज निघते आणि निम्म्या भावाने जाते, तो या कसोटीस कसा उतरणार? इंग्लंडात दुसरी कसोटी योजिली गेली. 26 मार्च 2020 रोजी तेथील अर्थमंत्र्यांनी जाहीर केलेल्या योजनेत मागील वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 80 टक्के, महिन्यास कमाल 2500 पौंडांपर्यंत, रक्कम ठरली. वार्षिक नफा 50,000 पौंडांवर असलेल्यांस ती नव्हती. धंद्यास महामारीची झळ लागली असणे आवश्यक होते, परंतु धंदा बंद पडलाच पाहिजे असे नव्हते. दोहोंपैकी शेतकऱ्यास न्याय देणारी कसोटी दुसरी होय, हे सांगावयास नको.

याहून बारीक अडचण नफ्याच्या हिशेबात आहे. अमेरिकेत पगार टिकविण्यासाठी जे माफ होणारे कर्ज दिले गेले, त्यात स्वतंत्र शेतकऱ्याची रक्कम आरंभी मागील वर्षाच्या निव्वळ नफ्यावरून ठरत असे. ज्याच्या पत्रकात त्या वर्षी तोटा दिसला व ज्याच्याकडे पगारी माणसे नव्हती, त्याच्या वाट्यास काहीच येईना. अखेर डिसेंबर 2020 च्या कायद्याने शेतकऱ्यास एकूण आवक धरण्याची मुभा मिळाली. कॅनडातही 5000 डॉलर म्हणजे एकूण आवक की खर्च वजा जाता उरलेली, याविषयी घोळ झाला. वर्षअखेर लोकांस विचारणापत्रे गेली, आणि 9 फेब्रुवारी 2021 रोजी सरकारने जाहीर केले की, एकूण आवक धरून ज्यांनी प्रामाणिकपणे अर्ज केला व इतर अटी पुऱ्या केल्या, त्यांनी रक्कम परत करावयाची नाही. कागदावरचा नफा हे शेतकऱ्याच्या गरजेचे माप नव्हे, ही गोष्ट दोन श्रीमंत राष्ट्रांस अनुभवाने शिकावी लागली.

आता आपल्याकडे वळू. 26 मार्च 2020 रोजी 1.70 लाख कोटी रुपयांची जी योजना जाहीर झाली, तीत प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचा 2000 रुपयांचा हप्ता एप्रिलमध्येच देऊ, त्याचा लाभ 8.7 कोटी शेतकऱ्यांस होईल, असे सांगण्यात आले. वेळेवर हाती आलेला रुपया नाकारण्याइतके आम्ही कृतघ्न नाही. परंतु वर्षास 6000 रुपयांची ही योजना 2019 सालीच सुरू झाली होती, आणि तो हप्ता तसाही देय होताच. तो लवकर मिळाला, अधिक मिळाला नाही. ज्याची द्राक्षे वेलीवर सुकली त्यास आणि ज्याचा गहू सुरळीत विकला त्यास रक्कम एकच. मग तिला मिळकत बुडाल्याचे साहाय्य कसे म्हणावे?

आमच्या राज्यपद्धतीस शेतकऱ्याचे नुकसान मोजण्याची सवय नाही असे नाही. पैसेवारी पन्नासाच्या आत आली म्हणजे सवलती मिळतात. पिकाची 33 टक्के वा अधिक हानी झाली म्हणजे आपत्तीच्या निधीतून मदत मिळते. परंतु ही सर्व मापे शेतात उभी राहून घेतली जातात. त्या वर्षी पीक उत्तम होते आणि बाजार नाहीसा झाला होता. पैसेवारीस हे नुकसान दिसत नाही आणि पीकविम्यासही दिसत नाही. बाजारात झालेले नुकसान मोजावयाचे माप आपल्याकडे नाही, हेच या प्रश्नाचे मूळ होय.

येथे आम्हा जमीनधारकांस एक कडू गोष्ट बोलणे भाग आहे. तो 2000 रुपयांचा हप्ताही ज्याच्या नावे जमीन आहे त्यासच मिळाला. खंडाने किंवा बटाईने दुसऱ्याची जमीन कसणारा, ज्याने बियाणे व खत उसनवारीने आणले आणि ज्याचा माल खरोखर पडून राहिला, त्यास स्वतःच्या नावे जमीन नसल्यास काही मिळाले नाही. अनेक घरांत शेती बाई पाहते आणि सातबारा सासऱ्याच्या नावे असतो. तिचीही तीच गत. तोटा एकाचा आणि साहाय्य दुसऱ्यास, ही व्यवस्था आमच्या सोयीची असली तरी न्यायाची नव्हे. कूळ लागेल या भीतीने आपण वहिवाट कागदावर येऊ देत नाही, हे उघड गुपित आहे. ती भीती आम्ही निराधार म्हणत नाही. 1948 च्या कूळकायद्याची आठवण घराघरांत आहे. परंतु आंध्र प्रदेशाने 2019 साली कायदा करून, मालकाच्या संमतीने अकरा महिन्यांचा कसणाऱ्याचा दाखला देण्याची तजवीज केली, आणि त्यायोगे मालकी हक्कास बाध येणार नाही असे स्पष्ट केले. आपल्याकडे अशी तजवीज मागण्यात जमीनधारकांनीच पुढाकार घ्यावा, असे आमचे मत आहे.

एक आक्षेप राहिला. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. जो उत्पन्नाचे पत्रक देत नाही, त्याने उत्पन्न बुडाल्याचा दावा कशाच्या आधारावर करावा? आक्षेपाचा अर्धा भाग पोकळ आहे. शेतकरी डिझेल, नळ, औजारे यांवर कर भरतोच. शिवाय सरकारच्या हुकमाने बाजार थांबला तर भरपाईची जबाबदारी त्या हुकमातूनच उत्पन्न होते, कराच्या पावतीतून नव्हे. परंतु उरलेला अर्धा भाग खरा आहे. इंग्लंडातील शेतकऱ्यास साहाय्य मिळाले ते त्याची जुनी पत्रके सरकारदप्तरी होती म्हणून. आमच्यापाशी काय आहे? आडत्याची पट्टी खिशात चुरगळते, दूध संस्थेची पावती गोठ्याच्या भिंतीस खोचलेली असते, आणि हंगाम संपला की दोन्ही चुलीत जातात.

तेव्हा आमच्या सूचना थोडक्यात अशा. पहिली : पुढील संकटात पात्रतेची कसोटी 'काम थांबले काय' ही नसावी; मागील तीन वर्षांच्या त्याच महिन्यांच्या मानाने विक्रीची आवक किती घटली, ही असावी. दुसरी : हिशेब निव्वळ नफ्यावर न धरता एकूण आवकेवर धरावा, आणि पुरावा म्हणून आडत्याची हिशेबपट्टी, दूध संस्थेची पावती, कारखान्याचे ऊसबिल ही मान्य व्हावीत. तिसरी : रक्कम कसणाऱ्याच्या हाती पडावी, मग जमीन कोणाचीही असो. या तीन गोष्टी सरकारकडे मागावयाच्या आहेत. चौथी मात्र आपणच करावयाची आहे : प्रत्येक सभासदाने या हंगामापासून एक वही घालावी, प्रत्येक पट्टी तीत चिकटवावी, आणि आपली जमीन जो कसतो त्यासही तसे करण्यास सांगावे.

शेतकरी साहाय्यास पात्र आहे काय, या प्रश्नास आमचे उत्तर निःसंशय 'होय' असे आहे. पण नुसता हक्क असून भागत नाही, तो सिद्ध करता आला पाहिजे. पुढील साथ कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही. ती येईल तेव्हा आपली वही कोरी नसावी, एवढेच आपल्या हाती आहे.