आठवीतला प्रश्न : सायकल की स्कूटर?

बालरोगतज्ज्ञाकडे येणारे पालक ताप, जुलाब आणि 'पोरगं काही खातच नाही' या सनातन तक्रारी घेऊन येतात. मूल आठवीत गेले, की त्यांत अलीकडे आणखी एका प्रश्नाची भर पडते. "डॉक्टर, शाळा एका टोकाला आणि क्लास दुसऱ्या टोकाला. सायकल घेऊन द्यावी, की थोडं थांबून एकदम स्कूटरच द्यावी?" औषधाच्या चिठ्ठीत या प्रश्नाचे उत्तर मावत नाही. म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने सहकारी डॉक्टरांपुढे आणि सुज्ञ वाचकांपुढे तो सविस्तर मांडावा असे वाटले.

सायकल ही बेळगावला परकी वस्तू नाही. १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी थोरले बंधू रामुअण्णा यांच्या साहाय्याने याच गावात सायकलचे दुकान थाटले. सायकली विकणे, दुरुस्त करणे आणि लोकांना चालवायला शिकवणे हा त्या दुकानाचा व्यवसाय. पुढे लोखंडी नांगर आला, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि एक मोठा उद्योगसमूह उभा राहिला. त्याचे बीज मात्र आपल्या गावात, दोन चाकांवर पडले होते. त्यानंतर कित्येक पिढ्या तासाच्या भाड्याने आणलेल्या सायकलीवर, दांड्याखालून पाय घालून अर्धे पायडल मारत शिकल्या. सीमाभागात रस्त्यावरच्या पाट्यांची भाषा बदलते, पण पंक्चर, पायडल, कॅरिअर आणि डबलसीट हे शब्द मराठी घरात आणि कन्नड घरात सारखेच समजतात.

खेड्यांतील मुलामुलींसाठी तर सायकल म्हणजे शिक्षणाचा रस्ता होता. कर्नाटकात प्राथमिक शाळा सातवीपर्यंत आणि हायस्कूल आठवीपासून. सातवीपर्यंतची शाळा गावात असते, हायस्कूल बहुधा शेजारच्या मोठ्या गावात. मुलींची शाळा सुटते ती नेमकी या वळणावर. राज्य शासनाने २००६-०७ पासून आठवीतील विद्यार्थ्यांना मोफत सायकली देण्याची योजना सुरू केली, ती याच कारणासाठी. कोविडच्या काळात ती खंडित झाली. बिहारमध्ये २००६ साली सुरू झालेल्या अशाच योजनेचा अर्थशास्त्रज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी अभ्यास केला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण त्या योजनेमुळे ३२ टक्क्यांनी वाढले. ज्यांची शाळा घरापासून दूर होती, त्यांना लाभ अधिक झाला. एखाद्या औषधाचा असा गुण दिसला असता, तर आपण त्यावर परिसंवाद भरवले असते.

आता शहरातील पालकाकडे वळू. त्याची भीती खोटी नाही. पुणे-बंगळूर महामार्ग चौपदरी झाल्यापासून कागल, निपाणी, संकेश्वर या पट्ट्यात वाहनांचा वेग कितीतरी वाढला आहे. स्तवनिधीच्या घाटात आणि सेवारस्त्यांच्या तोंडाशी सायकलस्वाराची काय अवस्था होते, ते तिथून जाणारा प्रत्येक जण जाणतो. गळिताचा हंगाम सुरू झाला, की उसाने लादलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर अंधारात, मागे दिवा नसताना धावतात. अशा रस्त्यावर मुलाला सायकलवर पाठवायला आईचे मन धजत नाही, यात नवल ते काय?

परंतु त्यावर उपाय म्हणून त्याच मुलाच्या हाती स्कूटर देणे हे अजब तर्कशास्त्र आहे. रस्ता तोच, ट्रॅक्टर तोच आणि मूलही तेच. वाढतो फक्त वेग. पदार्थविज्ञानाचा साधा नियम असा, की वेग तिप्पट झाला तर आघाताची ऊर्जा नऊपट होते. ताशी १५ किलोमीटर वेगाने सायकलवरून पडलेले मूल आणि ताशी ४५ किलोमीटर वेगाने स्कूटरवरून पडलेले मूल यांच्या जखमांतील अंतर आपल्यापैकी ज्यांनी अपघात विभागात रात्री काढल्या आहेत, त्यांना सांगावे लागत नाही. शिवाय स्कूटरचे वजन शंभर किलोच्या आसपास, तेही अंगावर येते.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकास अथवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. काही पालक पळवाट म्हणून ताशी २५ किलोमीटरपेक्षा अधिक न धावणारी छोटी विजेची स्कूटर घेतात, कारण तिला परवाना लागत नाही. परवान्याची अट नाही म्हणून समज वाढत नाही, आणि मुलाच्या हालचालीचा लाभ मात्र शून्यावर येतो. जागतिक आरोग्य संघटनेने ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दररोज सरासरी ६० मिनिटांची मध्यम ते जोरकस हालचाल सुचवली आहे. शाळा, क्लास आणि गृहपाठ यांतून हा तास काढणार कुठून? जाण्यायेण्याचा वेळच व्यायामाचा झाला, तर वेळापत्रकात वेगळी जागा शोधावी लागत नाही.

तेव्हा माझे मत स्पष्ट आहे : सायकल द्यावी. मात्र ती देताना आई-वडिलांनी काही गोष्टींची काळजी घेतली पाहिजे.

पहिली गोष्ट मापाची. 'वाढतं अंग आहे, दोन वर्षं जास्त चालेल' म्हणून मोठी सायकल घेऊ नये. हा नियम शाळेच्या गणवेशाला ठीक आहे. शिकणाऱ्या मुलाचे दोन्ही पाय सीटवरून जमिनीला टेकले पाहिजेत आणि बोटे ब्रेकच्या दांडीपर्यंत सहज पोहोचली पाहिजेत. हँडलच्या मुठींवरील रबर फाटले असेल तर त्याच दिवशी बदलावे. पडताना हँडलचे उघडे टोक पोटात घुसते. अशा मारात पोटावर फक्त एक गोल वळ दिसतो, मूल हसत-खेळत असते, आणि काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनी उलट्या व पोटदुखी सुरू होते. आत स्वादुपिंडाला, लहान आतड्याला, यकृताला किंवा प्लीहेला इजा झालेली असू शकते. तो गोल वळ पाहून मुलाला घरी पाठवू नये, ही विनंती पालकांइतकीच तरुण सहकाऱ्यांनाही आहे.

दुसरी गोष्ट मागे बसणाऱ्या लहान भावंडाची. कॅरिअरवर बसलेल्या मुलाचा पाय चाकाच्या तारांत अडकून टाचेला आणि घोट्याला होणारी जखम आपल्याकडे नेहमीची आहे. सुरुवातीला ती किरकोळ दिसते. चिरडलेली कातडी काळी पडते ती दोन दिवसांनंतर. म्हणून ती जखम ४८ तासांनी पुन्हा तपासलीच पाहिजे. चाकाला जाळी आणि पाय ठेवायला पट्टी बसवून घेणे हे कोणत्याही सायकलवाल्याचे अर्ध्या तासाचे काम आहे. ओढणी व साडीचा पदरही चाकापासून दूर, बांधलेला हवा.

तिसरी गोष्ट हेल्मेटची. 'आमच्या वेळी कुठे होती हेल्मेटं?' असे आजोबा म्हणतात, आणि ते खरेच बोलतात. पण त्यांच्या वेळी हे रस्तेही नव्हते. ऑलिव्हियर आणि क्रेटन या संशोधकांनी २०१७ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. अपघातात सापडलेल्या सायकलस्वारांपैकी हेल्मेट घातलेल्यांमध्ये गंभीर डोकेदुखापतीची शक्यता ६९ टक्क्यांनी कमी आढळली. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटांवर बसावे आणि हनुवटीखालच्या पट्ट्यात एखादेच बोट जावे. मानेमागे ढकललेले हेल्मेट शोभेचे असते. एकदा जोराचा आपटा बसला, की ते बदलावे.

चौथी गोष्ट पावसाची. बेळगावच्या पावसाळ्यात एका हातात छत्री आणि एका हातात हँडल ही कसरत सर्रास दिसते. एक हात गुंतला, की ब्रेक अर्धाच उरतो, आणि छत्रीने समोरचे दिसेनासे होते. त्यापेक्षा रंगीत रेनकोट आणि मागे लाल परावर्तक असावा. दप्तर हँडलला लटकवू नये, कॅरिअरला बांधावे. साधारण दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना येणाऱ्या वाहनाच्या वेगाचा व अंतराचा अंदाज नीट येत नाही. त्यांनी वर्दळीच्या रस्त्यावर एकट्याने जाऊ नये. त्यांच्यासाठी गल्ली आणि मैदान पुरेसे आहे.

इतके सारे करूनही निम्मेच काम होते, हे मान्य केले पाहिजे. उरलेले निम्मे रस्त्याचे आहे. नेदरलँड्स हा सायकलींचा देश म्हणून आपण कौतुकाने पाहतो, पण तो जन्मतः तसा नव्हता. १९७१ साली तिथे रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे दगावली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. ज्याची मुलगी त्या वर्षी अपघातात गेली, अशा एका पत्रकाराने 'मुलांची हत्या थांबवा' असा टाहो वृत्तपत्रातून फोडला. त्याच शब्दांची चळवळ झाली, आई-बाप रस्त्यावर उतरले आणि पुढच्या काही दशकांत रस्त्यांची रचनाच पालटली. २०२० च्या फेब्रुवारीत स्टॉकहोम येथील जागतिक परिषदेनेही, जिथे पादचारी, सायकलस्वार आणि वाहने एकत्र येतात, तिथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा सुचवली आहे. आपल्या शाळांसमोर निदान शाळा भरताना आणि सुटताना एवढे व्हायला कोट्यवधींचा निधी लागत नाही. आणि जिथे सायकलमार्ग आखला जातो, तिथे मोटारी उभ्या राहू नयेत, एवढे तरी आपण नागरिक म्हणून पाळू शकतो.

शेवटी थोडे घरचे. आपल्या दवाखान्यांपुढे मोटारींसाठी जागा राखून ठेवलेली असते. सायकल लावायला जागा किती ठिकाणी आहे? निपाणीच्या आसपासच्या खेड्यांतून सायकलवर येणारा रुग्ण ती झाडाला टेकवून कुलूप लावतो आणि तपासणी संपेपर्यंत त्याचे अर्धे लक्ष बाहेर असते. एक लोखंडी स्टँड आणि हवेचा एक पंप, एवढ्या खर्चाने कोणाही डॉक्टरांचे बजेट कोसळणार नाही. मुलाची माहिती घेताना 'शाळेत कशाने जातोस?' हा प्रश्न लसीकरणाच्या प्रश्नाइतका सवयीचा व्हावा. दरवर्षी ३ जूनला जागतिक सायकल दिन असतो. शाळा सुरू होण्याचे ते दिवस असतात. गावातील एक-दोन सायकल मिस्त्रींना सन्मानाने बोलावून, मुलांच्या सायकलींचे ब्रेक, सीटची उंची आणि मुठी तपासून देण्याचे शिबिर आपल्या संघटनेने त्या आठवड्यात घ्यावे. रक्तदाब आणि मधुमेहाची शिबिरे आपण घेतोच. हे शिबिर ते आजार ज्यांना अजून जडलेले नाहीत, त्यांच्यासाठी असेल.