गृहस्वेदन : बाष्प की अवरक्त किरणे?

पंचकर्माच्या दालनातील स्वेदनयंत्र आता गृहस्थाच्या न्हाणीघरापर्यंत येऊन पोहोचले आहे. अमरावतीलगतच्या वलगावसारख्या गावीही कंबर, गुडघे, मानेच्या विकारांनी त्रस्त झालेले रुग्ण विचारू लागले आहेत, "डॉक्टरसाहेब, वाफेची पेटी घ्यावी की इन्फ्रारेडची?" प्रश्न यंत्राचा असला तरी उत्तर शास्त्राचे आहे, आणि ते वैद्याने न दिल्यास विक्रेता देणार, हे उघड आहे. म्हणून या विषयावरील आमचे मत येथे मांडीत आहोत.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या चौदाव्या अध्यायात अग्नियुक्त स्वेदाचे १३ व निरग्नि स्वेदाचे १० प्रकार सांगितले. सुश्रुताचार्यांनी ताप, उष्म, उपनाह व द्रव असे चार भेद केले. बाष्पपेटी ही सरळसरळ उष्मस्वेदाची, नाडीस्वेदाची वारस होय. अवरक्त किरणांच्या कक्षात पाणी नाही, वाफ नाही. तापलेल्या पट्ट्यांतून निघणारी उष्णता थेट त्वचेवर पडते. त्यामुळे त्याचे नाते तापस्वेदाशी व आतपसेवनाशी अधिक जवळचे आहे. फिनलंडचा पारंपरिक सौना यांहून निराळा असून मध्यभागी भट्टी असलेल्या जेंताकगृहाशी त्याचे साम्य आहे.

व्यवहारात फरक असा. अवरक्त कक्षातील हवा साधारणतः ४५ ते ६० अंश सेल्सिअस तापते आणि कोरडी राहते, म्हणून घाम वाळतो व शरीर काही अंशी थंड होते. बाष्पपेटीत तापमान ४० ते ५० अंशच असले तरी हवा ओलाव्याने भरलेली असते. घाम वाळत नाही आणि अंग लवकर तापते. त्यामुळे केवळ अंश पाहून बाष्प सौम्य व किरणे तीव्र असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. किरणे खोल सांध्यांपर्यंत जातात, हा प्रचारही अतिशयोक्त आहे; या यंत्रांतील दूर-अवरक्त किरणे त्वचेच्या वरच्या थरांतच शोषली जातात व पुढील उष्णता रक्ताभिसरणाने पसरते.

निवडीचे सूत्र दोषांवरून ठरते. वातासाठी स्निग्ध, कफासाठी रूक्ष व वातकफासाठी स्निग्धरूक्ष स्वेद, हा शास्त्रादेश आहे. कापूस वेचून, निंदण करून कंबर धरलेल्या शेतमजूर भगिनीस तिळतेलाच्या अभ्यंगानंतर निर्गुंडी-एरंडपत्रांचा बाष्पस्वेद जो आराम देईल, तो कोरड्या कक्षातून मिळणार नाही. उलट आमवातात, जेथे आपण वालुकास्वेद योजतो, किंवा मेदस्वी व कफप्रधान रुग्णांत, कोरडी उष्णता अधिक युक्त होय. सर्वसाधारण वातरुग्णाच्या घरी एकच साधन ठेवायचे तर, आमच्या मते, डोके बाहेर राहील अशी साधी बाष्पपेटी अधिक उपयुक्त व अल्पव्ययी आहे. मात्र ती प्रत्येक वेळी पुसून वाळविली पाहिजे. ओलसर पेटीत बुरशी धरते. ज्या वलगावजवळ, पेढी नदीच्या काठी, २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला, तेथील लोकांस स्वच्छतेचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

देशकालाचा विचारही हवा. अकोला-अमरावतीत वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास खेळतो; त्या दिवसांत निसर्गच आतपस्वेद देत असतो. अशा काळी सर्वांगस्वेद म्हणजे पित्तप्रकोप, तृष्णा व मूर्च्छा यांना निमंत्रण. हेमंत व शिशिर हाच त्याचा योग्य काळ.

गर्भिणी, रक्तपित्ती, पित्तप्रकृती व मधुमेही यांना स्वेद निषिद्ध सांगितला आहे. मधुमेहात पायांची संवेदना मंदावलेली असल्यास भाजल्याचेही कळत नाही. रक्तदाबाच्या व मूत्रल गोळ्या घेणाऱ्यास घेरी येऊ शकते. हृदय, दृष्टी व वृषण यांना स्वेद मृदू द्यावा अथवा देऊच नये, हा आदेश आजही तितकाच खरा आहे. अति उष्णतेने शुक्राणूंची संख्या काही काळ घटते, हे आधुनिकांनाही मान्य आहे. फिनलंडमधील २,३१५ पुरुषांच्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वारंवार सौना घेणाऱ्यांत आकस्मिक हृदयमृत्यू कमी आढळले. पण तो पारंपरिक सौना होता व निरीक्षण त्या समाजाचे होते. तो आधार घेऊन आपल्याकडील हृद्रोग्यास अवरक्त कक्ष विकणे अप्रामाणिक आहे.

'घामावाटे विषे निघतात' ही जाहिरात तर वऱ्हाडात घातक ठरू शकते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील औषधांच्या बाधेत अति घाम हे स्वतःच एक लक्षण असते. अशा रुग्णास पेटीत बसविणे म्हणजे मोलाचा वेळ दवडणे. कपडे काढून अंग साबणाने धुवावे व तत्काळ रुग्णालय गाठावे.

घरी यंत्र घेतलेच तर अर्थिंग तपासून घ्यावे, आतून कडी नसावी, एकट्याने बसू नये. जेंताकस्वेदात मूर्च्छा आली तरी बसण्याचा ओटा सोडू नये, अन्यथा दार सापडणार नाही, एवढी दक्षता चरकाचार्यांनी बाळगली होती. यंत्राला घड्याळ असते, शास्त्राला लक्षणे असतात. शीत व शूल शमले, जडता गेली, अंग मऊ झाले, घाम आला की थांबावे. थोडी विश्रांती घेऊन कोमट पाण्याने स्नान करावे.

शेवटी वैद्यबंधूंस एक विनंती. यंत्रविक्रीवर वैद्यांना दलाली देऊ करण्याची प्रथा रुजू पाहते आहे. ज्याच्या खिशात विक्रेत्याचा पैसा आहे, त्याने 'आपणास स्वेद वर्ज्य आहे' हे रुग्णास कसे सांगावे? यंत्र कोणते घ्यावे, यापेक्षा स्वेद द्यावा की नाही, हा निर्णय मोठा आहे. तो निःस्पृहपणे देता येणे, हेच आपल्या पदवीचे खरे मोल आहे, असे आम्हांस वाटते.