भरती करणाराचा दाखला कोणाच्या कामाचा?

माणसे नोकरीस लावण्याचा धंदा करणाऱ्यांनी त्या धंद्याची परीक्षा देऊन दाखला घ्यावा की नाही, असा वाद हल्ली शहरच्या सुशिक्षितांत चालला आहे. एक पक्ष म्हणतो, दाखल्यावाचून भरती करणे म्हणजे शिकल्यावाचून वैद्यकी करणे. दुसरा म्हणतो, माणसाची पारख उपजत असते, ती परीक्षेने येत नाही. दोन्ही पक्ष बोलतात ते मालकाच्या ओटीवर बसून. ज्याची भरती व्हावयाची, त्यास कोणी विचारीत नाही. तेव्हा त्याच्या वतीने आम्ही विचारतो.

शेतकरी व कारागीर बंधूंनो, हा वाद आपला नव्हे असे समजू नका. आंबेनळी घाटाखालच्या आपल्या गावांत वरकस जमिनीतली नाचणी आणि खाचरातले भात वर्षभर पुरत नाही. बाहेरगावी कमावणारा माणूस नाही असे घर महाड-पोलादपुराकडे विरळा. मग फाटकावर उभा राहून ‘तू आत ये, तू परत जा’ म्हणणारा जो कोणी असेल, त्याच्या हाती आपली चूल असते.

मुंबईच्या गिरण्यांत हा माणूस म्हणजे जॉबर. बायकांच्या खात्यांत हेच काम नायकीण करी. दाखला दोघांपाशीही नव्हता. जॉबर पुष्कळदा आपल्याच मुलखाचा असे. गावचे पोर आले तर त्यास बदलीचे काम मिळवून देई, हे खरे. पण कामावर ठेवणे, रजा देणे आणि काढून टाकणे या तिन्ही किल्ल्या त्याच्याच कमरेला! मग दस्तुरी दिल्यावाचून काम कसले? सन १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटले कमिशनने १९३१ च्या अहवालात या पद्धतीवर ठपका ठेवला आणि भरती लेबर ऑफिसराकडे द्यावी असे सुचविले. पुढे १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने पाचशे व त्याहून अधिक कामगारांच्या कारखान्यांत वेल्फेअर ऑफिसर सक्तीचा केला व त्याची लायकी ठरविण्याचा अधिकार सरकारास दिला. अशा रीतीने दाखलेवाला आला.

कामगारविषयक शिक्षणाची सरकारी संस्था मुंबईत १९४७ साली निघाली. तिला आज नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव आहे. ज्यांनी ‘दीनबंधु’ चालविला, १८८४ साली गिरणी कामगारांस एकत्र केले आणि १८९० साली त्यांस रविवारची सुट्टी मिळवून दिली, तेच हे लोखंडे. नाव योग्य दिले. पण दारावर नाव लोखंड्यांचे आणि आतून बाहेर पडणारा मनुष्य मालकाचा, असे झाले तर त्या नावाचा उपयोग काय?

आम्ही स्वतः ट्रेनिंग कॉलेजाचा दाखला घेऊन मास्तरकी करणारे. शिक्षणाची निंदा आम्ही कशी करू? सर्व उमेदवारांस सारखेच प्रश्न विचारावे, जात व ओळख पाहू नये, कायदा जाणावा, हे शिकविल्याने भरती करणारा सुधारतो. परंतु हा दाखला त्याचे ज्ञान सांगतो, त्याची नियत सांगत नाही. अमेरिकेतील एस. एच. आर. एम. या संस्थेचा दाखला दर तीन वर्षांनी नवा करावा लागतो. तो कोण करतो? संस्थाच करते. ज्यास नोकरीस लावले त्या मजुराची साक्ष त्यात कोठेच नाही. फी भरणार भरतीवाला, उपयोग मालकाचा, आणि फसला तर आपला पोर!

दुकानदाराच्या वजनावर वैधमापनाचा शिक्का असतो. तो दुकानदार हुशार आहे म्हणून नव्हे, तर माप मारल्यास त्याचा हात धरता यावा म्हणून. आपणांस हवा तो असा शिक्का.

असा कागद परदेशी नोकरीसाठी आहे. १९८३ च्या परदेशगमन कायद्याप्रमाणे नोंदणीवाचून कोणाही एजंटास परदेशासाठी माणसे भरता येत नाहीत. नोंदणी करणाऱ्या मोठ्या एजंटास पन्नास लाखांची बँकेची हमी द्यावी लागते, आणि अडकलेल्या मजुरास परत आणण्याचा खर्च त्या जामिनातून काढता येतो. मजुराकडून तीस हजार रुपये व त्यावरील कर याहून अधिक घेण्याची मनाई आहे, आणि घेतले त्याची पावती देणे भाग आहे. येथे परीक्षा नाही, जामीन आहे. म्हणूनच हा कागद मजुराच्या कामाचा.

‘कागदवालेही लुबाडतात, मग कागद कशाला?’ असे कोणी म्हणेल. लुबाडतात, कारण नोंदणी एकाची आणि गावात हिंडणारा दलाल दुसराच. अशा हाताखालच्या दलालास कायद्यात जागा नाही, तरी तो वाडीवाडीत फिरतो. आमच्या शाळेतून गेलेल्या एका पोराच्या बापाने बैलजोडी विकून अशा एका दलालास सव्वा लाख मोजले. पावती नाही, करार नाही; पोरास पाहुण्याच्या व्हिसावर पाठविले. चार महिन्यांनी तो रिकाम्या हाताने परत आला. दलालाकडे कागद मागितला असता तर बैल दावणीला राहिले असते. आणि अशा दलालास शिक्षा काय? फार तर दोन वर्षे कैद व दोन हजार रुपये दंड. सव्वा लाखाच्या लुटीस दोन हजारांचा दंड ही शिक्षा नव्हे, धंद्याचा खर्च झाला!

म्हणून आमचे मागणे असे. परदेशी पाठविणारा एजंट असो की महाडच्या औद्योगिक वसाहतीत माणसे पुरविणारा कंत्राटदार, भरती करणाऱ्या प्रत्येकाचे नाव सरकारी वहीत असावे, त्याचा जामीन असावा, आणि मजुराची तक्रार तालुक्याच्या ठिकाणी ऐकली जावी. दंड लुटीच्या मानाने वाढवावा. एवढे करून वर त्याने परीक्षेचा दाखलाही आणला तर आनंदच आहे.

तोवर आपण इतके तरी करा. दारी आलेल्यास नोंदणीचा नंबर विचारा आणि तो सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर ताडून पाहा. स्वतःस जमत नसेल तर गावच्या मास्तराकडून पाहून घ्या. पावतीवाचून पैसा देऊ नका. करार मराठीत वाचून घेतल्यावाचून अंगठा किंवा सही करू नका. नंबर विचारताच जो रागावतो, त्यास ओटी चढू देऊ नका.